खुर्द्याचा हिशेब
(हैदराबादची १९४८ ची कारवाई आणि आपले आठवणीवाङ्मय)

पानिपतच्या संहारानंतर पेशव्यांकडे आलेला सावकारी भाषेतील निरोप मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकास परंपरेने ठाऊक आहे. त्या निरोपात मोत्यांची संख्या आहे, मोहरांची संख्या आहे. रुपये आणि खुर्दा यांचा हिशेब मात्र लागत नाही, असे कळविलेले आहे. मोती म्हणजे भाऊसाहेब व विश्वासराव, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, आणि खुर्दा म्हणजे उरलेली सारी माणसे. या उरलेल्या माणसांत केवळ शिपाई नव्हते. यात्रेकरू होते, बायकामुले होती, लष्कराबरोबर पोट बांधून फिरणारे कारागीर आणि दुकानदार होते. त्यांना आपल्या भाषेने ‘बुणगे’ म्हटले, आणि ‘बाजारबुणगे’ हा शब्द पुढे तुच्छतेसाठीच राखून ठेवला. ‘गणती नाही’ या मराठी शब्दप्रयोगाचे दोन अर्थ होतात. मोजता येणार नाही इतके, हा एक. आणि मोजण्याच्या योग्यतेचेच नाही, हा दुसरा. युद्धात मेलेल्या निःशस्त्र माणसांविषयी लिहिताना आपले लेखक पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे नकळत कसे घसरतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उदाहरण आम्ही दूरचे घेत नाही. ते आमच्या हैदराबादचेच आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात शिरले. १७ तारखेस निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि १८ तारखेस जनरल एल एद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. पाच दिवसांच्या या मोहिमेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. व्ही. पी. मेनन यांनी १९५६ मध्ये संस्थानांच्या विलीनीकरणाचा इतिहास लिहिला. भारत सरकारचे हैदराबादेतील प्रतिनिधी कन्हैयालाल मुनशी यांचे ‘द एंड ऑफ अ‍ॅन इरा’ १९५७ मध्ये आले. निजामाचे शेवटचे पंतप्रधान मीर लायक अली यांनी ‘ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद’ १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणी, अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ आणि नरहर कुरुंदकर यांची या प्रश्नाची वैचारिक चिकित्सा यांनी मराठी वाचकाचे मन घडविले. या लेखकांच्या योग्यतेविषयी आमच्या मनात शंका नाही. सरंजामी आणि धर्माधिष्ठित सत्तेविरुद्ध सामान्य माणूस कसा उभा राहिला, हे त्यांनी लिहून ठेवले नसते तर पुढच्या पिढीस ते कळले नसते. परंतु थोर वाङ्मयाची चिकित्सा करू नये असा नियम नाही; किंबहुना ज्या वाङ्मयावर आपला जीव आहे त्याचीच चिकित्सा करण्याचा आपणांस खरा अधिकार असतो.

आरंभ नावापासून करावा लागतो. रणगाडे, तोफा आणि विमाने वापरलेल्या या मोहिमेस ‘पोलीस कारवाई’ हे नाव मिळाले. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. निजाम सरकारने २१ ऑगस्ट १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली होती आणि १६ सप्टेंबरला पॅरिस येथे तिच्यावर चर्चाही झाली. हा दोन राष्ट्रांमधील संघर्ष नसून देशांतर्गत शांततेचा प्रश्न आहे, अशी भारताची भूमिका होती, आणि ती भूमिका या नावात उतरली. राजनीतीच्या दृष्टीने नाव चतुर होते. वाङ्मयाच्या दृष्टीने त्याचा एक परिणाम असा झाला की, जे युद्धच नव्हे त्यातील मृतांना युद्धातील मृत म्हणून जागा उरली नाही. दुसऱ्या बाजूस उर्दूत याच घटनेला ‘सुकूते हैदराबाद’, म्हणजे हैदराबादचा पाडाव, असे म्हणतात. मराठीत आपण ‘मुक्तिसंग्राम’ म्हणतो. एकाच तारखेची ही तीन नावे आहेत, आणि प्रत्येक नाव आपापले मृत निवडून घेते.

आमच्या वाचनात आलेल्या बहुतेक मराठी आठवणींची रचना एकसारखी आहे. भाषेवरील बंदी, सत्याग्रह, तुरुंग, सरहद्दीवरील कॅम्प, रझाकारांचा उच्छाद आणि अखेरीस १७ सप्टेंबरचा तिरंगा. तेथे कथा संपते. नाटकाच्या दृष्टीने ती तेथेच संपावयास हवी. परंतु गावांच्या दृष्टीने ती तेथे संपली नव्हती. उलट उर्दूतील अनेक आठवणी नेमक्या त्याच दिवशी सुरू होतात. त्याआधीचे वर्ष, ज्या वर्षात कासिम रझवीच्या स्वयंसेवकांनी खेडोपाडी दहशत बसविली, ते वर्ष तेथे एखाद्या परिच्छेदात आटोपते. एका वाङ्मयाचा शेवट हाच दुसऱ्याचा आरंभ आहे, आणि दोहोंच्या सांध्यावर पडलेली माणसे कोणाच्याच पानावर नाहीत.

भाषेच्या शिक्षकांस आणखी एक गोष्ट सहज दिसेल. ‘रझाकारांनी गाव जाळले, माणसे मारली’ असे वाक्य आपण कर्मणी प्रयोगात लिहितो. त्यात कर्ता ठळक असतो. १७ तारखेनंतरचा प्रसंग आला की वाक्याची ठेवण पालटते. ‘लोकक्षोभ उसळला’, ‘प्रतिक्रिया उमटली’, ‘काही अनुचित प्रकार घडले’. क्षोभ आपोआप उसळतो, प्रतिक्रिया आपोआप उमटते, प्रकार आपोआप घडतात. करणारा कोणीच नसतो, आणि म्हणून मरणाराही दिसत नाही. उर्दू कथनात हाच खेळ उलट बाजूने चालतो. सप्टेंबरनंतरच्या मारेकऱ्यांस तेथे कर्ता म्हणून स्थान आहे. रझाकारांच्या वर्षासाठी ‘हालात बिगड गये’ एवढे पुरते. व्याकरण हे निरुपद्रवी शास्त्र आहे अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ही वाक्ये शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

रझाकारांच्या वर्षाविषयी शंका घेण्यास जागा नाही, हे येथे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातील गोर्टा येथे हत्याकांड झाले. त्याच महिन्यात गाणगापूर स्थानकावर आगगाडीतील उतारूंवर हल्ला झाला. ऑगस्टच्या अखेरीस तेलंगणातील भैरानपल्ली येथे गावकऱ्यांना मारण्यात आले. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन होण्याचा पक्ष मांडीत. २१ ऑगस्टच्या रात्री हैदराबादेत त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला आणि त्यात त्यांचा अंत झाला. हजारो कुटुंबे घरदार सोडून शेजारच्या प्रांतांत गेली. गोर्टा आणि भैरानपल्ली येथील मृतांचे आकडे निरनिराळे सांगितले जातात. ते निरनिराळे आहेत म्हणून हत्या झालीच नाही, असे मराठी वाचक कधी म्हणत नाही. त्याचे हे वागणे योग्यच आहे. आमचे म्हणणे एवढेच की, हाच न्याय पुढच्या पानावरही लागू पडतो.

ते पुढचे पान म्हणजे सुंदरलाल समितीचा अहवाल. पंतप्रधान नेहरूंच्या पुढाकाराने आलेल्या या समितीत पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी असे तिघे होते. साहित्याच्या अभ्यासकांस यांतील दोन नावे परकी नाहीत. पंडितजींच्या ‘भारत में अंग्रेज़ी राज’ या ग्रंथावर इंग्रज सरकारने १९२९ मध्ये बंदी घातली होती. काझीसाहेब म्हणजे ‘लैला के ख़ुतूत’ या उर्दू गद्यकृतीचे लेखक आणि हैदराबादेतील ‘पयाम’ या पत्राचे संपादक. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात समितीने राज्याच्या १६ जिल्ह्यांपैकी ९ जिल्ह्यांत प्रवास केला, ७ जिल्ह्यांची ठिकाणे, २१ गावे-शहरे आणि २३ महत्त्वाची खेडी पाहिली, आणि जेथे जाता आले नाही अशा १०९ खेड्यांतील पाचशेहून अधिक लोकांच्या भेटी घेतल्या.

समितीने दिलेले आकडे आता सर्वश्रुत आहेत. उस्मानाबाद (आजचे धाराशिव), गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत मिळून किमान १८ हजार. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत किमान ५ हजार. आणि संपूर्ण राज्यात कारवाईच्या काळात व तिच्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज आहे. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. लातूरसारख्या व्यापारी गावातील संहाराचा अहवालात स्वतंत्र उल्लेख आहे. काही ठिकाणी सैन्यातील व पोलिसांतील माणसांनी लुटीत आणि हत्येत भाग घेतल्याचे समितीने नोंदविले. सरकारने अहवाल प्रसिद्ध केला नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्यातील भाग छापून आले, आणि २०१३ मध्ये तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात पाहावयास खुला असल्याची वार्ता सर्वत्र पोहोचली.

या अहवालाकडे आम्ही एक लेखनकृती म्हणून पाहतो, आणि त्या दृष्टीने त्यात उणिवा आहेत. तीन आठवड्यांचा प्रवास हा एवढ्या विस्तीर्ण राज्यास अपुरा आहे. आठ जिल्ह्यांचे मिळून २३ हजार होतात. तेथून २७ पर्यंत आणि २७ वरून ४० पर्यंत समिती कशी पोहोचली याचे गणित वाचकासमोर मांडलेले नाही. या दोन टोकांमधील अंतरच १३ हजार माणसांचे आहे. रझाकारांच्या बळींची तशी मोजदाद अहवालात नाही. तात्पर्य, तो अदमास आहे, पंचनामा नव्हे. परंतु ज्या अहवालाला एकांगी म्हणून बाजूस सारले जाते, त्याच अहवालाने स्पष्ट नोंदविले आहे की, हे चार जिल्हे रझाकारांचे मुख्य बालेकिल्ले होते आणि तेथील जनतेनेच रझाकारांच्या हातून सर्वाधिक सोसले होते. सूडाचे मूळ लपविणारा लेखक असे वाक्य लिहीत नसतो.

लोकांनी हा अहवाल कसा वाचला, हे अहवालाहून अधिक बोधप्रद आहे. एका पक्षाने आकडा अतिशयोक्त ठरवून घटनाच नाकारली. दुसऱ्या पक्षाने त्या आकड्यावर समाधान न मानता दोन लाखांपर्यंतची संख्या सांगितली. तिसरा पक्ष नाकारीत नाही, फुगवीतही नाही. तो ‘ते व्हायचेच होते’ असे म्हणून पान उलटतो. हे तिन्ही वाचक एकमेकांचे विरोधक वाटतात. वस्तुतः त्यांच्यात एक साम्य आहे. मृत माणूस कोण होता हा प्रश्न तिघांपैकी कोणीही विचारीत नाही. आकडा हा त्यांच्या लेखी वादातील एक मुद्दा आहे, आणि मुद्द्याला नाव-गाव नसते.

हे टाळण्याची रीत आपल्या देशास अपरिचित नाही. १९१९ च्या जालियनवाला बागेतील मृतांचा सरकारी आकडा ३७९ होता. काँग्रेसच्या चौकशीत तो हजाराच्या घरात गेला. सरकारी आकडा म्हणून ३७९ वर कोणा भारतीयाने वाद मिटविला नाही, आणि दोन आकडे जुळत नाहीत म्हणून घटनेविषयी शंकाही घेतली नाही. त्या चौकशी समितीत गांधीजी होते, चित्तरंजन दास होते, अब्बास तय्यबजी होते आणि आमचे मुकुंदराव जयकरही होते. जे विधान तिळमात्र संशयास्पद वाटेल ते वगळावयाचे, असा दंडक गांधीजींनी अहवाल लिहिताना पाळला. आपल्या बाजूच्या मृतांविषयी लिहितानाच पुराव्याची कसोटी अधिक कडक ठेवावी, ही त्यातील शिकवण आम्हांस विशेष मोलाची वाटते. सामान्य व्यवहार याच्या उलट आहे. आपल्या मृतांसाठी ऐकीव गोष्ट पुरते. परक्याच्या मृतांसाठी शिक्क्याचा कागद लागतो.

ही कसोटी सुटली की काय होते, हे युरोपने एकदा अनुभवले आहे. १९१४ मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियममध्ये नागरिकांना मारले. दिनां या एकट्या गावात २३ ऑगस्टला ६७४ माणसे मेली. पुढील वर्षी इंग्लंडमध्ये लॉर्ड ब्राइस यांच्या समितीने जो अहवाल काढला त्यात पारखून न घेतलेल्या भीषण कथांची भर पडली. युद्ध संपले, त्या कथा टिकल्या नाहीत, आणि १९२८ मध्ये आर्थर पॉन्सन्बी यांच्या पुस्तकाने युद्धकाळातील असत्यांचा पाढा वाचला. लोकांनी मग खोट्याबरोबर खरेही फेकून दिले. बेल्जियम व फ्रान्समध्ये मिळून सुमारे साडेसहा हजार नागरिक खरोखरच मारले गेले होते, हे हॉर्न आणि क्रेमर या इतिहासकारांनी कागदपत्रांनिशी मांडले ते २००१ साली. फुगविलेल्या आकड्याने खऱ्या मृतांना सत्त्याऐंशी वर्षे संशयात ठेवले. आमच्या येथे दडपलेल्या अहवालाने तेच केले. जेथे कागद मिळत नाही तेथे अफवा कागदाची जागा घेते, आणि ती दर पिढीस वाढत जाते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. रझाकारांनी आग लावली, तिच्यात पुढे जे जळले त्याचा दोष विझविणाऱ्यांवर कसा, असे विचारले जाईल. कारण दाखविणे आणि समर्थन करणे यांतील भेद येथे लक्षात ठेवला पाहिजे. रझाकारांच्या अत्याचारांवाचून सप्टेंबरनंतरचा सूड समजत नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु समजणे निराळे आणि फेडले जाणे निराळे. गोर्ट्यातील मृताचा हिशेब लातुरातील शिंप्याच्या किंवा विणकराच्या मरणाने चुकता होत नाही, कारण तो विणकर गोर्ट्यास गेलाच नव्हता. ज्याने केले त्यास दंड, हा न्याय. जो सापडला त्यास दंड, ही रझाकारांचीच रीत होती. मुक्तीच्या लढ्याने ज्या रीतीचा पराभव केला तिलाच आपल्या लेखणीने आश्रय द्यावा, याहून त्या लढ्याचा मोठा उपमर्द कोणता?

आणि याच अहवालात असेही नमूद आहे की, काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान व्यवसायबंधूंचे रक्षण केले आणि त्यासाठी स्वतःचे प्राणही वेचले. पळविलेल्या स्त्रिया परत आणण्यात अनेक हिंदूंनी साहाय्य केले. आमच्या मते संपूर्ण अहवालातील ही सर्वांत महत्त्वाची नोंद आहे, आणि नेमकी तीच कोणी उद्धृत करीत नाही. नाकारणाऱ्यास ती गैरसोयीची, कारण रक्षण केले म्हणजे संकट होते हे कबूल करावे लागते. फुगविणाऱ्यास ती गैरसोयीची, कारण सारे हिंदू मारेकरी होते असे म्हणता येत नाही. रझाकारांच्या हातून मेलेले शोएबुल्ला खान जसे एका कथेत नीट बसत नाहीत, तसेच हे विणकर दुसऱ्या कथेत बसत नाहीत. शोएबुल्लांचे निदान नाव उरले. या विणकरांची नावे अहवालातही नाहीत. मराठवाड्याच्या एखाद्या कादंबरीकारास यापरता मोठा विषय हवा आहे काय?

१७ सप्टेंबरच्या सोहळ्याची नावे अजून स्थिर झालेली नाहीत. महाराष्ट्रात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन होतो, कर्नाटकात कल्याण कर्नाटक उत्सव. केंद्र सरकार हैदराबाद मुक्ती दिन पाळते. तेलंगण राज्याने २०२२ मध्ये त्याला राष्ट्रीय एकात्मतेचे नाव दिले आणि २०२४ मध्ये प्रजापालनाचे. नावाचा वाद राज्यकर्त्यांनी करावा. शिक्षकांपुढील प्रश्न त्याहून अवघड आहे. हैदराबाद, नांदेड, लातूर, बिदर येथील वर्गांत त्या दिवशी दोन्ही प्रकारच्या घरांतील नातवंडे-पणतवंडे एका बाकावर बसतात. एकाच्या घरी रझाकारांच्या आठवणी सांगितल्या जातात, दुसऱ्याच्या घरी सप्टेंबरनंतरच्या. शिक्षक एकच कथा सांगू लागला की बाकाचा अर्धा भाग गप्प होतो, आणि तो गप्प झाला हे शिक्षकास कळतही नाही.

जखमा उकरून काय मिळणार, असे विचारणारेही आहेत. त्यांना आमचे उत्तर असे की, उकरणे आणि मोजणे या भिन्न क्रिया आहेत. उकरणारा आपल्यापुरती जखम उघडी करतो. मोजणारा दोन्ही बाजूंच्या एकाच वहीत लिहितो. अफसर मोहम्मद यांनी २०२३ मधील आपल्या इंग्रजी ग्रंथात हैदराबादच्या मुसलमानांच्या कारवाईविषयीच्या आठवणींचा अभ्यास केला आहे. मराठीत मुक्तिसंग्रामाच्या आठवणींचे भांडार आहेच. या दोहोंचे शेजारी शेजारी वाचन करणारा अभ्यास मराठीत झाला पाहिजे, आणि तो हैदराबादच्या मराठी माणसाने करावा, कारण त्याला दोन्ही भाषा घरच्या आहेत.

ज्यांनी ते दिवस डोळ्यांनी पाहिले असे लोक आता अगदी थोडे उरले आहेत, परंतु त्यांनी मुलाबाळांस जे सांगितले ते अजून घरोघर आहे. एका गावाची एक वही करावी. तीत १९४७ आणि १९४८ या दोन वर्षांत गावात कोण मेले, त्याचे नाव, त्याचा धंदा, कोणी सांगितले, सांगणाऱ्याने स्वतः पाहिले की ऐकले, एवढेच नावनिशीवार लिहावे. धर्माचा रकाना असावा, पण तो शेवटी असावा. संशय असेल तेथे संशय असे लिहावे. अशा वहीतून निघणारा आकडा कदाचित समितीच्या आकड्याहून कमी भरेल, कदाचित अधिक. तो कसाही भरो. त्यातील प्रत्येक एकक हे नाव असेल. पानिपतच्या निरोपकर्त्यास रणधुमाळीत खुर्द्याचा हिशेब करता आला नाही, आणि तसे त्याने प्रामाणिकपणे कळविले. आपणांस सवड होती आणि आहे. त्यामुळे ‘गणती नाही’ हे उत्तर आपल्या तोंडी शोभणार नाही.